मोटारीच्या रंगाची कैफियत

परिवहन खात्याच्या दफ्तरात प्रत्येक मोटारीच्या नावे जी नोंद असते, तीत इंजिनाचा क्रमांक, चॅसीचा क्रमांक, निर्मितीचे वर्ष, आसनांची संख्या इत्यादी तपशिलाबरोबर रंगाचाही एक रकाना असतो, आणि कारकून तो एका शब्दात भरून मोकळा होतो. परंतु ज्या इसमाने आपली मोटार दुसऱ्यांदा रंगवून घेतली आहे त्यास विचारावे, म्हणजे ह्या एका शब्दाखाली किती तक्रारी, किती तगादे आणि किती रुजवाती दडलेल्या असतात ते कळेल. दरवाजाच्या कडेला ओघळ उतरलेला असतो, बॉनेटवर धुळीचे दाणे बसलेले असतात, छताचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत उमटलेला असतो, आणि जे पहिल्या दिवशी निर्दोष वाटले होते तेथे महिन्याभराने घासकामाच्या रेघा वर येऊन मालकाकडे पाहू लागतात.

ह्या दोषांचा जाब आपण बहुधा कारागिराला विचारतो, आणि पुष्कळ वेळा तो रास्तही असतो. तथापि ह्या धंद्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला तर असे दिसते, की दोष हा हाताइतकाच द्रव्याचाही असतो. रंग ज्या रीतीने वाळतो त्या रीतीतच त्याचे दोष आणि ते मिटवण्याचे उपाय दोन्ही आधीपासून वसत असतात. मोटारीचा रंग वाळण्याची रीत गेल्या सव्वाशे वर्षांत मुळातूनच पालटत गेली, आणि प्रत्येक पालटाबरोबर जुने दोष मागे पडून त्यांच्या जागी नवे रुजू झाले.

मोटार जन्मास आली तेव्हा तिला स्वतःचा असा रंग नव्हता. घोडागाडीचा रंग तिला वारशाने मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी धावू लागल्या तेव्हा त्यांच्या शेजारून जाणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्यांवर जे व्हार्निश असे, त्याच जातीचे व्हार्निश ह्या नव्या वाहनांवरही असे: जवसाचे तेल, टर्पेंटाइन आणि कोपल नावाची राळ ह्यांचे कढवून सिद्ध केलेले मिश्रण. ह्या राळेचा एक उत्तम प्रकार पूर्व आफ्रिकेत जमिनीतून खणून काढीत आणि झांजीबारचे व्यापारी तो जहाजांवर चढवीत. त्यातील पुष्कळ माल आधी मुंबई बंदरात उतरून मग युरोपास रवाना होत असल्यामुळे, लंडनच्या सरदारांच्या गाड्यांवरील चकाकीत मुंबईच्या गोदीचाही काही वाटा होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

तेलाचे व्हार्निश वाळते ते हवेतील प्राणवायू शोषून, आणि ही क्रिया अतिशय मंद असते. लाकडी सांगाड्यावर प्रथम सफेत्याचे अस्तर, त्यावर भरणीचे थर, ते पाणी घालून सच्छिद्र दगडाने घासून सपाट करणे, त्यावर रंगाचे हात, आणि शेवटी व्हार्निशाचे हात, असा हा सारा क्रम होता. प्रत्येक थर वाळेपर्यंत पुढचा देता येत नसे, आणि एक गाडी पुरी होण्यास तीन-चार आठवडे सहज लागत. ओले व्हार्निश दिवसदिवसभर चिकट राही, आणि तेवढ्या मुदतीत हवेतून जे जे काही पडे ते ते त्यात कायमचे बसे. म्हणून व्हार्निशाची खोली निराळी राखीत, तिची दारे-खिडक्या बंद ठेवीत आणि जमिनीवर पाणी शिंपडून धूळ दाबीत. इतका बंदोबस्त करूनही व्हार्निश कधी आक्रसून ठिकठिकाणी गोळा होई, कधी त्यावर धुकट झाक येई, कधी बारीक खळगे पडत. अमेरिकेतील गाडीरंगारी ह्या प्रकारांना व्हार्निशाची सैतानी म्हणत, आणि त्यांच्या धंद्याच्या पुस्तकांत ह्या सैतानीची कारणमीमांसा मोठ्या आस्थेने केलेली आढळते. उपाय मात्र एकच होता: पुरते वाळू देणे, दगडाच्या बारीक भुकटीने पाणी घालून घासणे आणि पुन्हा नवा हात देणे, म्हणजे आणखी काही दिवसांची खोटी.

हाताने बनणाऱ्या गाडीला ही खोटी परवडत असे. मिनिटामिनिटाला गाडी बाहेर काढणाऱ्या कारखान्याला ती परवडणे शक्य नव्हते. हेन्री फोर्ड ह्यांनी १९१४ पासून १९२५ पर्यंत आपले टी मॉडेल केवळ काळ्या रंगात विकले, त्याचे कारण त्यांच्या रुचीत शोधण्यापेक्षा भट्टीत शोधावे हे बरे. डांबरवर्गीय द्रव्यापासून केलेला तो काळा रंग भट्टीत भाजला असता लवकर कडक होई आणि टिके. इतर रंगांना ती सोय नव्हती. ज्यांना रंगीत गाड्या विकायच्या होत्या त्या कारखानदारांच्या वखारीत मात्र अर्धवट वाळलेल्या सांगाड्यांच्या रांगा लागत.

ही कोंडी फुटली ती तोफेच्या दारूशी नाते सांगणाऱ्या एका पदार्थामुळे. कापसाच्या तंतूंवर नत्राम्लाची क्रिया केली असता नायट्रोसेल्युलोज मिळते. त्याच्या एका जातीची बंदुकीची दारू होई, दुसऱ्या जातीच्या चित्रपटाच्या फिती होत. ते विरघळवून त्याचे लॅकर बनविण्याची युक्ती जुनीच होती, परंतु तो द्राव इतका घट्ट होई, की फवारण्याजोगा पातळ करण्यासाठी त्यात अतोनात द्रावक घालावा लागे आणि वाळल्यावर पृष्ठावर पापुद्र्याएवढेही काही उरत नसे. १९२० च्या जुलैत न्यू जर्सीतील पार्लिन येथे, डुपाँ कंपनीच्या फितींच्या कारखान्यात, सोडियम ॲसिटेट मिसळलेला असा द्राव काही कारणाने तसाच पडून राहिला आणि काही दिवसांनी पाहतात तो पाकासारखा पातळ झालेला आढळला. एडमंड फ्लॅहर्टी ह्या रसायनज्ञाने त्याचे महत्त्व ओळखले. आता पातळपणा कायम राखून भरपूर रंगद्रव्य त्यात सामावता येऊ लागले. १९२३ साली जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाडीचे पुढील वर्षाचे मॉडेल ह्याच लॅकरच्या निळ्या रंगात बाजारात आणले, आणि ड्यूको हे त्याचे नाव थोड्याच वर्षांत जगभर झाले. आपल्याकडेही मोटारीला ड्यूको करणे हा प्रयोग रूढ झाला, तो आजतागायत लाकडी कपाटांच्या सुतारांपर्यंत पोचलेला आहे.

जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग ह्यांची ह्या संदर्भात एक आख्यायिका सांगतात. रंगविण्याची मुदत किती कमी करता येईल असे त्यांनी धंद्यातील जाणत्यांना विचारले, तेव्हा एका महिन्यावर येणे कदाचित साधेल असे उत्तर मिळाले. तास दीड तासात का नाही, असे ह्यांनी विचारताच सारे हसले. पुढे अशाच एका शंकेखोर पाहुण्याला त्यांनी जेवावयास नेले, आणि जेवण आटोपून बाहेर आल्यावर पाहुणा आपली मोटार शोधू लागला, तेव्हा समोर उभी असलेली निराळ्या रंगाची मोटार त्याचीच असल्याचे त्यास सांगण्यात आले. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, मोटार दुसऱ्यांदा रंगविण्याचा प्रकार नव्या युगाची साक्ष म्हणून सांगितला जावा, ह्याचे मला कौतुक वाटते. त्या पाहुण्याच्या गाडीवर ओघळ किती आले होते, हे मात्र आख्यायिका सांगत नाही.

इतक्या त्वरेने वाळणारे लॅकर कुंचल्याने लावणे अशक्यप्राय होते, सबब गन आली. ओहायोतील टोलेडो गावच्या ॲलन डीव्हिलबिस नावाच्या डॉक्टरांनी १८८८ साली रोग्याच्या घशात औषध फवारण्यासाठी एक उपकरण तयार केले होते. त्यांचे पुत्र टॉमस ह्यांनी १९०७ च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची गन सिद्ध केली. कुंचल्याच्या रेघा ह्या पुरातन दोषाचा तिने निकाल लावला आणि त्याच्या जागी आपले दोष आणले. गन पृष्ठाजवळ आली वा हात रेंगाळला की ओघळ. ती दूर गेली की कोरडा खरबरीतपणा. लॅकर दाट राहिले, हवेचा दाब चुकला किंवा कडक उन्हात जलद उडणारे थिनर वापरले, की रंगाचे कण एकमेकांत मिसळून सपाट होण्यापूर्वीच थिजतात आणि संत्र्याची साल उमटते. लॅकरसाठी गन सहा ते आठ इंचांवर धरावी, हा जाबता तेव्हापासून चालत आलेला आहे.

ह्या नव्या दोषांवरचा उतारही त्याच दशकात निर्माण झाला, आणि त्याची हकीकत रंगापेक्षाही मनोरंजक आहे. मिनेसोटातील थ्रीएम कंपनीकडे फिलाडेल्फियाच्या फ्रान्सिस ओकी नामक शाई बनविणाऱ्या गृहस्थाचे एक पत्र आले, की आपण वापरता त्या सर्व जातींच्या खनिज कणांचे नमुने कृपा करून पाठवावेत. खरखरीत कागद विकणाऱ्या कंपनीकडून कण कोण कशाला मागेल, ह्या विचाराने उपाध्यक्ष विल्यम मॅकनाइट ह्यांचे कुतूहल चाळवले. चौकशीअंती कळले, की पाण्यात भिजवूनही न उसवणारा घासकागद ह्या गृहस्थाने शोधून काढला आहे. कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९२१ साली तो कागद बाजारात आला. आपले पेंटर ज्याला वॉटर पेपर म्हणतात तो हाच. तोपर्यंत कोरड्या घासकामाने शिसेयुक्त रंगाची जी धूळ उडे ती कारागिरांच्या छातीत जाई. पाण्याने ती बसली, आणि पृष्ठही अधिक नितळ येऊ लागले. हा कागद मोटारींच्या कारखान्यांत दाखवीत हिंडणाऱ्या रिचर्ड ड्र्यू ह्या तरुणाने, दुरंगी गाडी रंगविताना चिकटवलेला कागद काढताच खालचा ताजा रंग उपटून आल्याने पेंटर शिव्याशाप देत असल्याचे पाहिले, आणि दोन वर्षे खटपट करून १९२५ साली मास्किंग टेप तयार केला. आज कोणत्याही गॅरेजात भिंतीशी पडलेली ही दोन सामान्य जिनसे रंगाच्या दोषांतूनच जन्मली आहेत.

परंतु लॅकरची खरी किमया त्याच्या वाळण्यात होती. त्याच्यातील द्रावक उडून जाते, एवढेच. रासायनिक रूपांतर काही होत नाही. भाजलेल्या भाकरीचे पुन्हा पीठ होत नाही तसे तेलाच्या व्हार्निशाचे होते, पण वाळलेल्या लॅकरवर थिनर घातले, मग ते काल वाळलेले असो की दहा वर्षांपूर्वी, की ते पुन्हा विरघळते; नवा हात जुन्यात मुरतो आणि दोहोंमध्ये सांधा राहत नाही. ह्यामुळेच लॅकरचे दोष क्षम्य ठरले. ओघळ आला तर वाळू द्यावा, वॉटर पेपरने कापून काढावा, उघड्या पडलेल्या जागी पुन्हा फवारावे. साल उमटली तर ६०० नंबरच्या कागदाने ती सपाट करून रबिंग कंपाउंडने घोटावी. लॅकर गनमधून उतरताना मुळातच मंद असे, त्याला तेज येई ते रबिंगने. म्हणजे दोष घासून काढणे ही शिक्षा नसून रंगकामाचाच नित्याचा भाग होता. भट्टी नको, बंद दालन नको, महागडा सरंजाम नको. एक कॉम्प्रेसर, एक गन आणि घासण्याचा धीर असलेला हात असला की पुरे. माझ्या मते रस्त्याकडेच्या गॅरेजातील रंगकामाचा धंदा आपल्याकडे जो फोफावला, तो ह्या क्षमाशील द्रव्याच्या आधारावर.

मुंबईत ह्या धंद्याला पाया लाभला तो मोटारी येथेच जोडल्या जाऊ लागल्यानंतर. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीस सुटे भाग जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ साली वालचंद हिराचंद ह्यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना पुढे कुर्ल्यास उभा राहिला. रंगाचे कारखाने तर आधीच आले होते: लोअर परळला १९२० पासून व्हार्निश बनत होते, आणि युद्धामुळे परदेशी माल दुर्मिळ झाला असता १९४२ साली गिरगावच्या गायवाडीतील एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्सचा आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर आयात बंद होत गेली, १९५४ पर्यंत जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, आणि परवान्यांच्या त्या जमान्यात नव्या फियाटसाठी वर्षानुवर्षे वाट पाहणे मध्यमवर्गाच्या नशिबी आले. जी मोटार हाती आहे तिचेच आयुष्य ताणण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि खाऱ्या हवेच्या शहरात पत्र्याचे आयुष्य ताणणे म्हणजे गंज खरवडणे, लांबी भरणे आणि पुन्हा रंग देणे. पाच-सहा वर्षांनी एकदा गाडी डेंटर-पेंटरच्या स्वाधीन करणे हा संसारातला एक ठरलेला खर्च होता.

आता लॅकर ही कोरड्या हवेची प्रजा आहे, आणि मुंबईत जुलैच्या महिन्यात हवेतील आर्द्रता शेकडा ऐंशीच्या वर सहज असते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठातील उष्णता घेऊन जाते. पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा थंड पडतो, हवेतील बाष्प त्यावर दव होऊन उतरते, आणि ते पाणी ओल्या लॅकरमध्ये शिरताच नायट्रोसेल्युलोज द्रावातून फुटून पांढुरके होऊन बाहेर पडते. काळी गाडी राखाडी दिसू लागते, गडद निळीवर दुधाळ झाक पसरते. पेंटर म्हणतात, रंग पांढरा मारला. ह्या दोषाचे वैचित्र्य असे, की कारागिराने जितका दक्षपणा दाखवावा तितका तो वाढतो. धूळ बसू नये म्हणून त्याने घोडागाडीच्या काळापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे जमिनीवर पाणी मारले, तर त्या पाण्याने खोलीतील हवा अधिकच दमट होते. धुळीचे दाणे टळतात आणि पांढरेपणा येतो. काम लवकर उरकावे म्हणून जलद उडणारे थिनर घेतले तर पत्रा आणखी थंड पडतो.

ह्यावर तोडगा होता तो सावकाश उडणाऱ्या द्रावकाचा, ज्यास रिटार्डर म्हणतात. थिनरमध्ये त्याचा थोडा भाग मिसळला म्हणजे इतर द्रावके उडून गेल्यावर तो मागे रेंगाळतो, पाणी आधी निघून जाऊ देतो आणि लॅकरला पुन्हा एकजीव होण्यास अवधी देतो. झाक एकदा येऊन गेल्यावरही निराश होण्याचे कारण नसे; नुसत्या रिटार्डरचा हलका फवारा मारला की वरचा थर पुन्हा विरघळे आणि कित्येकदा पाहता पाहता काळा काळा होई. असे कमावलेले तेज पाहून मालक थक्क होत. पण रिटार्डरचा हात सढळ झाला तर थर आठवडेच्या आठवडे मऊ राही आणि त्यावर बोटांचे ठसे उमटत. त्यामुळे शहाणे कारागीर सरत्या पावसात पुऱ्या गाडीचे काम अंगावर घेण्यास नाखूष असत, आणि मालकांचा नेमका तेव्हाच तगादा असे, कारण दसऱ्याला झेंडूची माळ नव्या रंगावर चढवायची असे.

ह्या तगाद्यातून उद्भवणारा दोष पांढरेपणाहून वाईट, कारण तो गाडी घरी गेल्यावर प्रकट होतो. लांबीचे जाड थर आतून ओले असतानाच घासून त्यावर अस्तर, आणि ते पुरते वाळण्यापूर्वी रंग, अशी घाई केली तर आत कोंडलेले द्रावक पुढे महिना-दोन महिने हळूहळू बाहेर पडत राहते. तितका काळ थर आक्रसत जातो आणि खालच्या भरड कागदाच्या रेघा, लांबीच्या कडा, डागडुजीची सारी हद्द वर उमटते. रंग बसला, असे मालक म्हणतो, आणि मिस्त्री म्हणतो की तो बसणारच होता, तुम्हाला घाई होती. अशा गाडीला त्याच आठवड्यात पुन्हा घासून भागत नाही. जितके बसायचे तितके बसू द्यावे, मगच पाणी घालून सपाट करावे आणि एक-दोन हात द्यावे, हा खरा उपाय, परंतु तो ऐकून घेण्याइतका शांत मालक विरळा. घासकामाच्या पाण्याचाही असाच गुप्त सूड असतो. बोअरिंगच्या खाऱ्या पाण्याने घासून पृष्ठ नीट धुतले नाही, तर राहिलेले क्षार पुढच्या पावसाळ्यात थरातून ओलावा ओढून घेतात आणि रंगावर मोहरीएवढे फोड येतात. त्यांवर रबिंगचा काही इलाज नसतो, पत्र्यापर्यंत खरवडूनच काढावे लागते.

जुन्या रंगावर नवा देताना तर आणखी एक पेच असे. काही तांबडी व किरमिजी रंगद्रव्ये थिनरमध्ये विरघळणारी असत. अशा किरमिजी गाडीला मालकाने हौसेने मलईचा रंग मागितला, तर खालचा तांबडा वर झिरपून गाडी गुलाबी होई, आणि मलईचे कितीही हात दिले तरी गुलाबीच राही. त्यापेक्षाही बिकट प्रकार टॅक्सीचा. टॅक्सीला पासिंगसाठी दर मुदतीला आर.टी.ओ.समोर उभे राहावे लागे, आणि त्यापूर्वी तिच्यावर स्वस्त सिंथेटिक इनॅमलचा काळा-पिवळा हात मारण्याचा प्रघात होता. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ह्या नियमानेच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. एवढ्या आयुष्यात एका पत्र्यावर इनॅमलचे किती थर साचत असतील ह्याची कल्पना करावी. इनॅमल तेलाच्या व्हार्निशाप्रमाणे प्राणवायूने वाळते आणि थिनरने विरघळण्याऐवजी फुगते. म्हणून अशी गाडी पुढे कोणी खासगी वापरास घेऊन तिच्यावर लॅकर मारले, की खालचा थर सुरकुतून उठे आणि चार हातांचे काम एका मिनिटात वाया जाई. जुने पेंटर म्हणूनच काम घेण्यापूर्वी डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा घासून पाहत: रंग बोळ्याला लागला तर खाली लॅकर आहे, सुरकुतला तर इनॅमल आहे. त्या गाडीच्या साऱ्या पूर्वेतिहासाची खातरजमा एका बोळ्यात होई, आणि दर मुकरर होई तो त्यानंतर.

दुसऱ्या महायुद्धानंतर सिलिकोनची पॉलिशे आली, आणि त्यांनी ह्या कोष्टकात एक अगदी नवा दोष दाखल केला. पॉलिशचा सूक्ष्म अंश पत्र्यावर, चिंधीवर, कधी नुसत्या हवेत राहून गेला, तरी त्यावर पडलेला रंग त्या ठिपक्यापासून दूर सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे उघडतात. घासून सिलिकोन जात नाही, उलट कागदाबरोबर सर्वत्र पसरते. म्हणून घासण्याआधीच ते द्रावकाने पुसावे लागते. त्यावर निघालेला अक्सीर इलाज गमतीचा होता: रंगातच मोजके सिलिकोनचे थेंब टाकणे, म्हणजे सगळा पृष्ठच सारखा निसरडा होऊन खळगे मिटतात. एकदा हे थेंब टाकले की पुढच्या प्रत्येक हातात ते टाकावेच लागत.

लॅकरच्या राज्याचा अस्त आपल्याकडे उशिरा झाला. ओटो बायर ह्यांनी १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेन येथे पॉलियुरेथेनचा शोध लावला होता. त्यातून निघालेले दोन घटकांचे रंग, ज्यांत ऐन वेळी हार्डनर मिसळावा लागतो, युरोपातील गॅरेजांत पुढे सरसहा रुळले. हिंदुस्थानात डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडू लागली, नव्या गाड्यांबरोबर धातूची झाक असलेले रंग आणि त्यांवरचा पारदर्शक क्लिअर कोट आला, आणि पाठोपाठ गॅरेजातही हार्डनरचे डबे आले. हे रंग वाळतात ते रेणूंच्या परस्पर बांधणीने. एकदा बांधणी झाली की थिनर त्यांचे काही करू शकत नाही. पांढरेपणा गेला, भेगा गेल्या, महिनोगणती रबिंग करण्याची गरजही गेली, कारण तेज गनमधूनच उतरू लागले. त्या मानाने दोष मोजकेच राहिले, पण ते क्षमा मागण्यास तयार नसत. ओघळ कापून पुन्हा फवारले तर नवा हात जुन्यात मुरत नाही, दोहोंमधली कड वलयासारखी दिसत राहते. क्लिअर कोट चाळीस ते साठ मायक्रॉनचा. त्यातून साल काढताना हात जरा जड पडला की ऊन अडविणारी द्रव्ये असलेला थर पातळ होतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तेथे क्लिअर सोलून निघतो. धातूच्या झाकेत ढग आले असतील तर ते क्लिअरच्या खाली असल्यामुळे कागद तेथवर पोचूच शकत नाही. शिवाय हार्डनरमधील आयसोसायनेटने कारागिरांना दमा जडतो, म्हणून हवा शुद्ध करणारे बंद दालन आणि बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा ही चैन न राहता गरज झाली. तरीही नाकावर रुमाल बांधून हे काम करणारे कारागीर आजही दिसतात, आणि ह्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे.

जुन्या मोटारींच्या बाजारात अलीकडे एक लहानसे मापक आले आहे. पत्र्याला टेकवले की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवते. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी शंभराच्या आसपास असते. दोनशे-तीनशे भरली तर तो भाग पुन्हा रंगविलेला, आणि त्याहून पुष्कळ अधिक भरली तर खाली लांबी आहे, असा पारखणारा निष्कर्ष काढतो. पूर्वी रंगकाम चांगले झाले की गाडीचा भाव वाढे. आता ओघळ नाही, साल नाही, दाणा नाही, मॅचिंग उत्तम, अशा निर्दोष दरवाजावर मापक टेकवून ग्राहक दोन बोटांनी आकडा दाखवतो आणि त्या आकड्याच्या हिशेबाने किंमत उतरवून मागतो. चुंबकावर चालणारी मापके ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर चालत नाहीत, त्यासाठी निराळे मापक घ्यावे लागते, आणि विकणाऱ्या दलालांना ही गोष्ट ग्राहकांच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक असते.